खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी चाललेलं एनोक्झापॅरिन: लालबागच्या चाळीतलं एक प्रकरण

रुग्ण ७४ वर्षांच्या आजी. लालबागमधल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, घरात मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. मधुमेह आणि रक्तदाब जुना. रोजच्या औषधांत मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन. जूनअखेरच्या पावसात गॅलरीतल्या ओल्या लाद्यांवर पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. कमरेत भूल देऊन अर्धा सांधा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं, दुसऱ्या दिवशी आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या, सहाव्या दिवशी घरी आल्या. शस्त्रक्रियेबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. जे शिकण्यासारखं आहे ते घरी आल्यानंतरच्या तीन आठवड्यांत घडलं.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: एनोक्झापॅरिन ४० मिलिग्रॅम, पोटाच्या त्वचेखाली, दिवसातून एकदा, एकूण २८ दिवस. हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं, हेपरिन या औषधाच्या जातीचं इंजेक्शन. ते लिहिलं हे योग्यच होतं. खुबा मोडल्यावर आणि ऑपरेशननंतर पायाच्या खोल शिरांमधलं रक्त संथ वाहतं, शिरांना मार बसलेला असतो आणि शरीर स्वतःहून रक्त गोठवण्याच्या तयारीत असतं. अशी गुठळी पोटरीत किंवा मांडीत धरते आणि सुटली तर थेट फुप्फुसात जाते. हा धोका टाके काढल्यावर संपत नाही, कित्येक आठवडे राहतो. म्हणून रुग्ण घरी गेला तरी इंजेक्शन चालू ठेवतात.

नवव्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. "डॉक्टर, आईंच्या पोटावर काळंनिळं पडलंय. आज चूळ भरताना रक्तही आलं. आजचं इंजेक्शन देऊ की थांबू?"

सुई टोचण्याआधी विचारलेला हा प्रश्न या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बरेच जण अशा वेळी दोन टोकं गाठतात. काही घाबरून परस्पर इंजेक्शन बंद करतात, काही कार्डावर लिहिलंय म्हणून देत राहतात. तिने थांबून विचारलं. मी दवाखाना उघडायच्या आधी त्यांच्याकडे गेले.

घरी काय दिसलं

नाडी, रक्तदाब ठीक. जखमेचं ड्रेसिंग कोरडं. शौचाचा रंग नेहमीचा, लघवीत रक्त नाही, डोकेदुखी नाही. कमरेत भूल दिलेली असल्याने पाठ नव्याने दुखते का, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढलाय का, हे मुद्दाम विचारलं. मणक्याच्या कालव्यात रक्त साचणं दुर्मीळ आहे, पण उशिरा लक्षात आलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. तसं काही नव्हतं. बेंबीच्या उजव्या बाजूला मात्र तळहाताएवढा जांभळा डाग होता आणि हिरड्यांच्या कडेला रक्ताची रेघ.

मग मी सगळी औषधं पलंगावर काढून ठेवायला सांगितली. कार्डावरची औषधं होतीच. त्यांच्या शेजारी एसिक्लोफिनॅकची अर्धी संपलेली पट्टी होती. शेजारच्या काकूंना गुडघ्याला त्याने आराम पडला म्हणून मुलाने नाक्यावरच्या केमिस्टकडून आणली होती, आणि आजी गेले तीन दिवस ती दोनदा घेत होत्या. अ‍ॅस्पिरिनही चालू होती. म्हणजे गोठण्याची क्रिया मंदावणारं इंजेक्शन, प्लेटलेट्सना चिकटू न देणारी अ‍ॅस्पिरिन, आणि पोटाच्या अस्तराला, प्लेटलेट्सना नि मूत्रपिंडालाही त्रास देणारी वेदनाशामक गोळी, असं तिहेरी ओझं एका कृश शरीरावर पडलं होतं.

आणखी एक गोष्ट चौकशीत निघाली. आदल्या दिवशी सुनेने सकाळी नऊला इंजेक्शन दिलं होतं, कारण तिला संध्याकाळी बाहेर जायचं होतं. मुलगा दुसऱ्या पाळीहून रात्री आला, त्याने नेहमीच्या वेळी, दहाला, पुन्हा दिलं. दोघांनीही आपलं कर्तव्य केलं होतं. कुणी दिलं, कधी दिलं, हे लिहायची जागा घरात नव्हती.

वजन, क्रिएटिनिन आणि पाणी

आता मूळ मुद्दा. कार्डावर आजींचं वजन "अंदाजे ५५ किलो" असं होतं. खुबा मोडलेल्या माणसाला काट्यावर उभं करता येत नाही, म्हणून खाटेवर पाहून अंदाज बांधतात. हे जवळपास सगळीकडे चालतं. माझ्या मधुमेहाच्या नोंदवहीत मात्र मेमधलं त्यांचं वजन होतं: ४४ किलो.

हा अकरा किलोंचा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. एनोक्झापॅरिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, पण मूत्रपिंड किती काम करतंय हे नुसत्या त्याच्या आकड्यावरून कळत नाही. मात्रा ठरवताना जो हिशोब वापरतात तो असा: १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, आणि रुग्ण स्त्री असेल तर ०.८५ ने गुणायचं. भरती होताना आजींचं क्रिएटिनिन १.१ होतं, रिपोर्टवर त्याला तारासुद्धा नव्हता. ५५ किलो धरले तर उत्तर मिनिटाला ३९ मिली येतं. ४४ किलो धरले तर ३१. आणि या औषधासाठी लक्ष्मणरेषा ३० वर आहे. तिच्याखाली ४० मिलिग्रॅम देत नाहीत.

म्हणजे ज्या दिवशी कार्ड लिहिलं त्या दिवशी खरं वजन घेऊनही ४० मिलिग्रॅम कसंबसं चालण्यासारखं होतं. त्यामुळे मी रुग्णालयाला दोष देत नाही. पण त्या दिवसानंतर आजी रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत हे कुणी पाहणार नव्हतं.

रक्त घरीच काढून घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट आले. क्रिएटिनिन १.४, म्हणजे हिशोबाने साडेचोवीस. पोटॅशियम ५.३, जे टेल्मिसार्टन आणि हेपरिनच्या जातीचं औषध एकत्र असताना वाढू शकतं. हिमोग्लोबिन डिस्चार्जच्या वेळी १०.४ होतं, ते ९.२. प्लेटलेट्स २ लाख ३० हजार, भरती होताना होत्या त्याच्या जवळपास.

मूत्रपिंड तीन दिवसांत का घसरलं? वेदनाशामक गोळी हे एक कारण. दुसरं कारण मला सुनेने दारापाशी हळू आवाजात सांगितलं. आजी पाणीच पीत नव्हत्या. चाळीतला संडास सार्वजनिक, गॅलरीच्या टोकाला, मध्ये एक पायरी. वॉकर घेऊन तिथवर जायचं म्हणजे दोघांचा आधार लागणार, आणि तीही पडलेल्या जागेवरून वाट. भांडं घेऊन नातवासमोर बसायची लाज. म्हणून त्यांनी स्वतःच ठरवून पाणी कमी केलं होतं. त्यात आषाढी एकादशी आली. माळकरी बाई, पंढरपूर यंदा चुकलं तरी उपवास चुकवायचा नाही. त्या दिवशी थोडी भगर आणि दोन-चार घोट पाणी.

औषधशास्त्राच्या पुस्तकात संडासाचा पत्ता नसतो. मुंबईच्या चाळीतल्या म्हाताऱ्या बाईला हे इंजेक्शन सुरक्षितपणे द्यायचं असेल तर तो विचारावाच लागतो. या औषधाच्या अधिकृत माहितीत दोन आकडे आहेत, ते मी त्या संध्याकाळी मुलाला समजावून सांगितले. रोज ४० मिलिग्रॅम घेणाऱ्या, मूत्रपिंड गंभीरपणे मंदावलेल्या रुग्णात औषधाचा एकूण प्रभाव सरासरी ६५ टक्क्यांनी वाढतो. आणि ४५ किलोंहून कमी वजनाच्या स्त्रियांत तेवढीच मात्रा सुमारे ५२ टक्के जास्त प्रभाव दाखवते. आजी दोन्हींत बसत होत्या. त्यावर एका दिवसात दोन सुया.

निर्णय

सर्जनना फोन केला. इंजेक्शन पूर्ण बंद करावं, असा पहिला विचार घरच्यांचा होता आणि तो स्वाभाविक होता. आम्हा दोघांना तो पटला नाही. रक्तस्राव किरकोळ होता आणि त्याची तिन्ही कारणं हाती लागली होती. दुसऱ्या बाजूला खुबा मोडून जेमतेम नऊ दिवस झालेल्या, दिवसाचा बराच वेळ पलंगावर असलेल्या रुग्णात गुठळीचा धोका ऐन भरात होता. प्रोटामाइन नावाचा उतारा आहे, पण तो या औषधाचा परिणाम पूर्ण उतरवत नाही आणि इथे त्याची गरजही नव्हती. ठरलं ते असं: त्या दिवसाची मात्रा द्यायची नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून २० मिलिग्रॅम रोज एकदा. मूत्रपिंड इतकं मंद असताना युरोपात २० आणि अमेरिकेत ३० मिलिग्रॅम सुचवतात. वजन आणि नुकतंच आलेलं रक्त पाहून आम्ही २० निवडली.

एसिक्लोफिनॅक त्याच क्षणी बंद. दुखण्यासाठी पॅरासिटामोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. मेटफॉर्मिन थांबवून साखरेसाठी दुसरी सोय केली, टेल्मिसार्टनही काही दिवस थांबवली आणि रक्तदाब रोज मोजला. अ‍ॅस्पिरिनचा निर्णय जरा जपून घ्यावा लागला. आजींना कधी हृदयविकाराचा झटका आलेला नव्हता, स्टेंट नव्हता, लकवा नव्हता. कधीतरी कुणीतरी "हृदयासाठी बरी" म्हणून सुरू केलेली गोळी वर्षानुवर्षं चालली होती. म्हणून ती थांबवता आली. स्टेंट असता तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय मी तिला हात लावला नसता, आणि कुणीही घरच्या घरी लावू नये.

नातू त्या रात्री २० मिलिग्रॅमच्या सुया शोधत फिरला. लालबागला नव्हत्या, परळला केईएम रुग्णालयाच्या बाजूच्या दुकानात मिळाल्या. तोवर मुलाने विचारलं, "घरात ४०च्या उरल्यात, अर्धी सोडून अर्धी दिली तर?" नाही. ४० मिलिग्रॅमच्या भरलेल्या सुईवर बहुधा मापाच्या रेघा नसतात, अर्धं नेमकं कुठे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. उरलेल्या सगळ्या ४०च्या सुया मी घरातून नेल्या. दोन ताकदींच्या सुया एका कपाटात राहू देणं म्हणजे पुढच्या चुकीला जागा करून देणं. तेव्हापासून एका वेळी आठवड्याला पुरतील एवढ्याच आणायच्या असं ठरलं. मात्रा बदलली तर पैसे वाया जात नाहीत, आणि मुंबईच्या दमट घरात खोकं महिनाभर पडून राहत नाही. खोक्यावर २५ अंशांखाली ठेवा, गोठवू नका, असं लिहिलेलं असतं. ओट्याजवळच्या फळीवरून ते आतल्या कपाटात गेलं.

दुसरं काही नाही का?

मुलाचा हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर देताना मला आणखी एक गोष्ट सांगणं भाग होतं. एनोक्झापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेल्या हेपरिनपासून बनतं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईला हे न सांगता रोज टोचत राहणं मला बरोबर वाटत नाही. मुलगा म्हणाला, "आईला कशाला सांगता, उगाच मन खाईल." मी त्याला म्हटलं, शरीर त्यांचं आहे, व्रत त्यांचं आहे, विचारायचंही त्यांनाच.

आजींना सांगण्याआधी पर्याय तपासले. फोंडापॅरिनक्स पूर्ण कृत्रिम आहे, प्राण्याचा संबंध नाही. पण ५० किलोंहून कमी वजनात आणि मूत्रपिंडाचा आकडा ३० खाली असताना प्रतिबंधासाठी ते देऊ नये अशी त्याची अट, आणि आजी दोन्ही अटींत अडकल्या. रिव्हारोक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान या गोळ्या आहेत, सुई टळते. पण त्यांचे मोठे अभ्यास सांधा ठरवून बदलण्याच्या ऑपरेशनांत झाले, मोडलेल्या खुब्यासाठी फारसे नाहीत. साधं हेपरिन मूत्रपिंडावर कमी अवलंबून असतं, पण ते दिवसातून दोन-तीनदा टोचावं लागतं आणि तेही प्राण्यापासूनच येतं.

मी हे सगळं आजींच्या शेजारी बसून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "हे नाही घेतलं तर काय होईल?" मी खरं ते सांगितलं: कदाचित काहीच होणार नाही, कदाचित पायात गुठळी होईल, आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतेल. "मग द्या. औषध म्हणून घेते. पण सांगितलंत ते बरं केलंत." त्यांनी नाही म्हटलं असतं तरी मी तो नकार मानला असता, आणि पायाला दाब देणारी यंत्रं, लवकर चालणं यांवर भर दिला असता.

सुई देण्याची रीत

रुग्णालयात सिस्टरने एकदा दाखवलं होतं, गर्दीत, डिस्चार्जच्या गडबडीत. सुनेला मी पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. बेंबीपासून दोन इंच सोडून, पोटाच्या कडेला, एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी. ती रोज उजवीकडेच देत होती, कारण पलंग डावीकडून भिंतीला लागलेला. पलंग हातभर सरकवला.

सुईतला हवेचा बुडबुडा ती दरवेळी बाहेर काढत होती, त्याबरोबर थोडं औषधही जात होतं. या भरलेल्या सुयांत तो काढायचा नसतो. चरबीची घडी अंगठा आणि बोटात धरायची, सुई सरळ नव्वद अंशांत पूर्ण आत, औषध सावकाश ढकलायचं, आणि सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. आजींच्या पोटावर चरबी थोडी, त्यामुळे घडी नीट धरली नाही तर सुई स्नायूत जाते आणि तिथे रक्त साचतं. नंतर कापूस दाबून धरायचा. चोळायचं नाही. ती प्रेमाने चोळत होती, शिवाय डागावर गरम पाण्याची पिशवी ठेवत होती. जांभळेपणा वाढण्यात या दोन्हींचा हात होता.

वेळ रात्री आठ ठरली आणि देणारी एकच व्यक्ती, सून. ती नसेल तर नातू, मुलगा नाही, कारण त्याची पाळी बदलते. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात वेळ आणि "डा" किंवा "उ" लिहायचं. लिहिलेलं दिसलं तर कुणीही दुसरी सुई द्यायची नाही. एखादा दिवस राहिला तर आठवेल तेव्हा द्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन कधीच नाही. वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या बरणीत. घरातल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात सुया गेल्या तर सकाळी कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात घुसतात. बरणी भरल्यावर माझ्या दवाखान्यात, तिथून जैववैद्यकीय कचऱ्यात.

कधी माझी वाट न पाहता १०८ला फोन करायचा, हे मी सुनेच्या मोबाइलवर मराठीत टाइप करून ठेवलं: डोक्याला मार, अचानक तीव्र डोकेदुखी, काळी शौच, न थांबणारं रक्त, पायातली ताकद जाणं, एकाएकी दम लागणं किंवा छातीत दुखणं. एकाच पायाची पोटरी सुजली तर लगेच मला.

पाणी आणि पुढचे दिवस

याच आठवड्यात घरात कमोडची खुर्ची आली, भाड्याने. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या साडीचा पडदा लावून. मला विचाराल तर या प्रकरणात इतर कुठल्याही बदलाइतकाच तिचा वाटा आहे. आजी पाणी प्यायला लागल्या, पलंगाशेजारी तांब्या भरून ठेवलेला असे.

तेराव्या दिवशी प्लेटलेट्स पुन्हा पाहिल्या. हेपरिनच्या जातीच्या औषधाने क्वचित पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान प्लेटलेट्स झपाट्याने पडतात, आणि गंमत नाही, अशा वेळी रक्त वाहण्याऐवजी उलट गुठळ्या होतात. एनोक्झापॅरिनने हे साध्या हेपरिनपेक्षा कमी होतं, तरी पाहावं लागतं. आकडा २ लाख ५० हजार होता. क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.७. आता हिशोब साडेअठ्ठावीसच्या आसपास, अजून रेषेखालीच, म्हणून २० मिलिग्रॅमच चालू ठेवलं.

सोळाव्या दिवशी ऑपरेशनचा पाय सुजला. घरचे धास्तावले, मीही त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे शिरांमधलं रक्त वाहतंय का हे पाहणारी सोनोग्राफी, करून घेतला. शिरा मोकळ्या होत्या, सूज ऑपरेशनची होती. घरी चाललेल्या प्रतिबंधात अशी एखादी तपासणी निष्फळ गेली तरी चालते.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई दिली. डाग पिवळे होऊन गेले होते, हिमोग्लोबिन १०.१. क्रिएटिनिन १.१ वर आलं, टेल्मिसार्टन कमी मात्रेत पुन्हा सुरू केली, अ‍ॅस्पिरिन केली नाही.

आता प्रश्न हाडांचा आहे. एवढ्याशा पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत आणि दुसरा खुबा वाचवायचा तर औषध लागणार. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सोयीचं, पण मूत्रपिंडाचा आकडा ३५ खाली असेल तर ते देत नाहीत, आणि आजी ३१ वर आहेत. हाडांचंच दुसरं औषध डेनोसुमॅब मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही, मात्र त्याने कॅल्शियम खाली जाऊ शकतं. म्हणून आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून भरून काढतोय. सर्जनना पाठवलेल्या चिठ्ठीत या वेळी मी वजन आणि मूत्रपिंडाचा आकडा सर्वांत वर लिहिला आहे, तारखेसकट.